तुळशीच्या कुंडींतले जीव

अमरावतीचें अंबागेटाजवळचें आमचें जुनें घर विकलें, त्या वेळीं सासूबाईंनीं भांडीं, फडताळें, झोपाळा यांपैकीं कशाविषयींहि हट्ट धरिला नाहीं. धरिला तो एका तुळशीविषयीं. वृंदावन कांहीं उचलून आणतां येण्यासारखें नव्हतें. म्हणून तेथलीच काळी माती कुंडींत भरून तींत रोप लाविलें, आणि तें मांडीवर घेऊन त्या अकोल्यास आल्या. येथें आम्हांस अंगण नाहीं. पूर्वेकडील सज्ज्यांत कुंडी ठेविली व त्यांचें नित्यकर्म पूर्ववत् सुरू झालें.

गेल्या श्रावणांत पानें पिवळीं पडूं लागलीं. एके दिवशीं मीं कुंडीजवळ वांकून पाहिलें, तों ओल्या मातीवर तिळाहूनहि बारीक असे पांढुरके जीव! बोट लावितांच टुणकन् उडाले. एकत्र कुटुंबांत वैद्यांची वाण कधींच नसते. धाकट्या जाऊबाईंनीं हळद टाकिली. भावोजींनीं तंबाखूचें पाणी सुचविलें. तें मात्र मीं साफ नाकारिलें. ज्या झाडाचें पान रोज नैवेद्यावर ठेवावयाचें आणि मुलांच्या काढ्यांत घालावयाचें, त्याच्या मुळाशीं विष कसें ओतावें?

पुतण्या येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत शिकतो. अकोल्यास हें विद्यापीठ १९६९ सालीं स्थापन झालें. आमच्या घरास त्याचा उपयोग हा असा झाला. त्यानें भिंग लावून पाहिलें आणि म्हणाला, "काकू, हे चोर नव्हेत." यांचें नांव कोलेंबोला. पाय सहा असले तरी शास्त्रज्ञ आतां यांना खऱ्या कीटकांत धरीत नाहींत. पोटाखालीं दुमडलेली एक दुभागलेली शेपटी असते. ती सुटून जमिनीवर आपटली कीं स्वारी हवेंत! स्कॉटलंडांतील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वींच्या खडकांत यांचे अवशेष सांपडले आहेत. तेव्हां पृथ्वीवर एकहि फूल उमललें नव्हतें. बुरशी व कुजका पाला हें यांचें अन्न. धडधाकट मुळांच्या वाटेस ते सहसा जात नाहींत. कुंडीभोंवतीं उडणारीं काळीं चिलटें निराळीं. त्यांच्या काळ्या डोक्याच्या अळ्या मात्र कोंवळीं मुळें कुरतडतात. परंतु दोघांनाहि आमंत्रण एकच, सदैव ओली माती. वऱ्हाडची काळी माती कपाशीला मानवते, कुंडींत मात्र ती वैरीण. भिजली कीं फुगते, हवा कोंडते, आणि मुळें कुजूं लागतात.

"पण काकू, इतकें पाणी घालतें कोण?"

स्नानानंतर एक तांब्या, एवढाच सासूबाईंचा नेम. मीं दोन दिवस लक्ष ठेविलें. पहिल्या दिवशीं त्यांनीं चार वेळां पाणी घातलें, दुसऱ्या दिवशीं पांच वेळां. प्रत्येक वेळीं तोच श्लोक, तीच प्रदक्षिणा, आणि आंत येतांना तेंच वाक्य, "आज तुळशीला पाणी घालायचं राहूनच गेलं होतं गं."

भाजींत मीठ दोनदां पडे तेव्हां आम्ही हंसत असूं. मीहि हंसलें होतें.

त्यांना डॉक्टरांकडे नेलें, औषध सुरू आहे. त्याविषयीं अधिक लिहवत नाहीं. तुळशीचें मात्र सोपें होतें. कुजलीं मुळें छाटलीं, कुंडीचें बुजलेलें भोंक मोकळें करून त्यावर खापरी ठेविली, जुन्या मातींत वाळू आणि चांगलें कुजलेलें शेणखत मिसळलें. बोटाचें एक पेर आंत कोरडें लागल्याखेरीज पाणी घालावयाचें नाहीं, असें ठरलें. परंतु हें सासूबाईंना सांगण्याचें धैर्य कोणासच होईना. शेवटीं मीं तांब्या उचलून तेथें पंचपात्री व पळी ठेविली. पळीभर पाणी पांच वेळां पडलें तरी झाडाचें कांहीं बिघडत नाहीं.

त्यांनीं पळीकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें. "अमरावतीचा तांब्या कुठें गं?"

तो घासून देव्हाऱ्यापाशीं ठेविला आहे. तुळशीला नवी पालवी फुटली आहे. ते उड्या मारणारे जीव अजून थोडेसे दिसतात. त्यांना आम्हीं राहूं दिलें आहे.