वहीतला रस्ता

आमच्या कार्यालयात जाड पुठ्ठ्याची एक वही होती. कोणत्या शाखेची माहिती कोणत्या राउटरने कुणाकडे सोपवायची, हे तिच्यात सरांच्या किरट्या अक्षरांत लिहिलेले असे. अडतीस शाखांच्या राउटरमधला प्रत्येक मार्ग त्यांनी स्वतःच्या हाताने घातलेला. नेटवर्कच्या परिभाषेत याला 'स्टॅटिक रूट' म्हणतात. एखादी लाइन तुटली की सर वही उघडत, चष्मा सारखा करत आणि एकेका राउटरमध्ये शिरून आडवाट लिहून देत. तोवर ती शाखा ताटकळत बसे.

२००९ साली हे सारे बदलून ओएसपीएफ आणायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. या पद्धतीत प्रत्येक राउटर आपल्याला कोण जोडलेले आहे हे इतरांना कळवतो. त्या निरोपांतून सर्वांजवळ एकच नकाशा तयार होतो आणि जो तो आपापला सर्वांत स्वस्त मार्ग शोधतो. शोधण्याची ही रीत एड्सगर डाइक्स्ट्रा यांची. १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूसोबत खरेदी करून दमल्यावर कॉफी पिता पिता, कागद-पेन्सिलीवाचून, वीसेक मिनिटांत ती सुचल्याचे त्यांनीच पुढे सांगितले. या नव्या व्यवस्थेत वहीचे काय काम, असे मला मनातून वाटत होते. ते मी सरांपासून फारसे लपवलेही नसावे.

स्थलांतराची रीत सरळ होती. ओएसपीएफ जुन्या मार्गांच्या जोडीनेच सुरू करायचे. आमच्या सिस्को राउटरांत माहितीच्या प्रत्येक उगमाला विश्वासाचा एक आकडा असतो. आकडा जितका लहान, तितका विश्वास अधिक. हाताने लिहिलेल्या मार्गाचा १, ओएसपीएफचा ११०. माणसाचा शब्द जागेवर असेतो शेजाऱ्यांनी काहीही सांगितले तरी राउटर ऐकत नाही. तो शब्द मागे घेतला, की शिकलेला मार्ग त्याची जागा घेतो. सर्व शाखांतले मार्ग एकाच घाटाचे असणार असे गृहीत धरून मी एक यादी केली आणि चार रात्रींत तेवढे शब्द मागे घेतले.

पुढे भर पावसाळ्यात एका शाखेची थेट लाइन तुटली. नव्या नकाशाने मिनिटाच्या आत वळण घेतले. माहिती आता शेजारच्या शाखेमार्गे जायची होती. पण पोहोचत नव्हती. मी मुख्य राउटरचा तक्ता पुन्हापुन्हा तपासत होतो आणि तो निर्दोष होता. तासाभराने सर वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्यांनी एका पानावर बोट ठेवले.

"ही काढलीस का रे?"

त्या दोन शाखांमधली लाइन एकेकाळी फार त्रास देई. म्हणून त्यांनी शेजारच्या राउटरला सांगून ठेवले होते, की पलीकडच्या शाखेचे जे काही येईल ते मुख्य कार्यालयाकडे पाठव. लाइन पुढे दुरुस्त झाली, नोंद राहिली. आता आम्ही तिकडे पाठवलेले प्रत्येक पाकीट तो राउटर इमानाने आमच्याकडेच परत पाठवत होता, आम्ही पुन्हा त्याच्याकडे, असे त्याचे आयुष्य संपेपर्यंत. पानावर तारीख सहा वर्षांपूर्वीची होती. खाली कारण लिहिले होते आणि पुढे एकच शब्द: 'तात्पुरते'.

मी ती ओळ काढली. शाखा सुरू झाली. सर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्या घटनेवर मी पुष्कळ विचार केला आहे. रस्ता कुठे आहे हे नकाशाला कळते. तो तसा का वळवला, हे कळत नाही. मार्ग राउटर आता आपले आपण शिकतात, त्यामुळे वहीत मी मार्ग लिहीत नाही. कधी हाताने एखादी नोंद घालावी लागलीच, तर तारीख टाकतो, कारण लिहितो आणि 'तात्पुरते' या शब्दापुढे ती कधी काढायची तेही लिहितो.