जर्मनटाउनची मंडळी

अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन वसले १६८३ साली. तिथल्या मेनोनाइटांचा पहिला बाप्तिस्मा झाला १७०८ साली. मधल्या पंचवीस वर्षांत माणसे होती, बायबल होते, उपासना होत होती. पण रीतसर नेमलेला बिशप अटलांटिकच्या त्या तीरावर नव्हता. त्याच्यावाचून ना बाप्तिस्मा, ना प्रभुभोजन.

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात माझा अभ्यासविषय आहे मेनोनाइट आणि त्यांच्या आसपासचे लहान पंथ. या पंथांमध्ये मोठी कॅथीड्रले नाहीत, राजांचा आश्रय नाही, पोपसारखा कोणी सर्वाधिकारी नाही. त्यामुळे त्यांचा इतिहास शोधायचा तो एकेका मंडळीच्या कागदांत. त्या सर्वांत जर्मनटाउनची मंडळी मला सर्वाधिक मोलाची वाटते. सत्य सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तिच्या वाटेत पुन्हा पुन्हा येऊन उभा राहिला.

हा प्रश्न मेनोनाइटांच्या जन्मापासूनचा आहे. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही तरुणांनी एका घरात जमून एकमेकांना बाप्तिस्मा दिला. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी घातल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही, कळत्या वयात स्वतः ठरवून व्हावे लागते, असे त्यांचे म्हणणे. त्या काळी बाप्तिस्मा ही राज्यात नाव दाखल होण्याचीही पायरी होती. म्हणून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही सत्तांनी या लोकांना बुडवले, जाळले, हद्दपार केले. फ्रिसलंडमधील धर्मगुरू मेनो सिमन्स १५३६ मध्ये कॅथलिक चर्च सोडून त्यांना मिळाले. विखुरलेल्या लोकांना त्यांनी सावरले आणि पंथाला त्यांचे नाव पडले. हाती शस्त्र धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही, डोंगरावरील प्रवचन शब्दशः पाळायचे, ही त्यांची शिकवण.

आपल्याकडेही हा पंथ पोहोचला आहे. १८९९ साली अमेरिकन मेनोनाइट मिशनरी छत्तीसगडमध्ये धमतरीला आले, तेव्हा तो मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. त्या वर्षीच्या दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना त्यांनी आसरा दिला. धमतरीची मंडळी आजही आहे.

जर्मनटाउनची कथा ऱ्हाईनकाठच्या क्रेफेल्डमध्ये सुरू होते. तेथील लिनन कापडाचे विणकर इंग्रज क्वेकर विल्यम पेन यांच्या पेनसिल्व्हेनिया या नव्या वसाहतीत जायला निघाले. ६ ऑक्टोबर १६८३ रोजी ‘कॉनकॉर्ड’ जहाजातून १३ कुटुंबे फिलाडेल्फियाला उतरली. त्याच महिन्यात वसाहतीचे पुढारी फ्रान्सिस डॅनिएल पास्टोरियस यांच्या गुहेवजा निवाऱ्यात चिठ्ठ्या टाकून जमिनीची वाटणी झाली. ही मेनोनाइटांची वसाहत म्हणून सर्रास सांगितली जाते. प्रत्यक्षात बहुतेक कुटुंबे मूळची मेनोनाइट असली, तरी निघताना क्वेकर झालेली होती. मेनोनाइट राहिलेले कुटुंब होते एकट्या यान लेन्सेन यांचे. दोन्ही पंथ शांतिवादी, दोन्ही शपथ नाकारणारे, त्यामुळे सुरुवातीला उपासनाही एकत्र चाले.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढची मोठी घटना दोघांच्याही खात्यावर मांडली जाते. १६८८ साली जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध एक निवेदन लिहिले. सह्या होत्या गॅरेट हेंडरिक्स, पास्टोरियस आणि डेरिक व अब्राहम हे ऑप डेन ग्राफ बंधू यांच्या. इंग्रज वसाहतींत गुलामगिरीविरुद्ध निघालेले हे पहिले लेखी सामूहिक निवेदन. सह्या करणारे क्वेकरांच्या सभेतले होते. निवेदनातले वळण मात्र ओळखीचे मेनोनाइट आहे. समुद्रात तुर्कांच्या जहाजाने पकडून गुलाम म्हणून विकावे, याची धास्ती आपल्याला वाटते ना, मग इथे आपण वेगळे काय करतो, असे ते विचारतात. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, या वचनाला कातडीचा रंग ठाऊक नाही, असे ठामपणे मांडतात. आणि शेवटी शांतिवाद्यांच्या वर्मावर बोट ठेवतात: हे गुलाम उद्या स्वातंत्र्यासाठी उठले, तर शस्त्र न धरणारे तुम्ही मालक त्यांच्यावर तलवार उचलणार का?

निवेदन क्वेकरांच्या मासिक सभेपुढे गेले. विषय फार भारी आहे, असे म्हणून तिने ते त्रैमासिक सभेकडे धाडले. त्रैमासिक सभेने वार्षिक सभेकडे. वार्षिक सभेने निर्णय देणे टाळले. प्रत्येक पायरीवर प्रश्न खरा असल्याचे कळत होते आणि प्रत्येक पायरीवर तो वर ढकलला जात होता. गुलाम बाळगणाऱ्याला सभासदत्व नाही, असे फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने ठरवले ते १७७६ मध्ये. खेड्यातल्या चौघांना जे दिसले, ते संस्थेला मान्य व्हायला ८८ वर्षे लागली. मूळ कागद विस्मरणात गेला, १८४४ मध्ये मिळाला, पुन्हा गहाळ झाला आणि २००५ मध्ये फिलाडेल्फियातील आर्च स्ट्रीट मीटिंगहाउसच्या तिजोरीघरात सापडला.

दरम्यान मेनोनाइटांची संख्या वाढली. विल्यम रिटनहाउस आले. त्यांनी १६९० मध्ये मोनोशोन ओढ्याकाठी अमेरिकेतली पहिली कागदाची गिरणी उभारली. १६९८ मध्ये मंडळीने त्यांना उपदेशक निवडले. आता प्रश्न उरला बाप्तिस्म्याचा. हाम्बुर्ग-अल्टोनाच्या मंडळीकडे विनंती गेली की कोणी येऊन बिशप नेमावा. समुद्र ओलांडायला कोणी तयार झाले नाही. आपल्यातल्याच सेवकाकडून संस्कार करून घ्या, असा कौल पत्राने आला. १७०८ च्या सुरुवातीला रिटनहाउस वारले. त्याच वर्षी मंडळीने लाकडी ओंडक्यांचे प्रार्थनागृह बांधले आणि मे महिन्यात मंडळीचे सेवक याकोब गॉटशॉक यांनी ११ जणांना बाप्तिस्मा दिला. उत्तर अमेरिकेतील मेनोनाइट परंपरा येथून पक्की झाली. झुरिकच्या त्या घरात जे धाडस होते तेच इथे दिसते. इथे त्याला धीराचीही जोड होती.

पुढे स्किपॅक आणि इतर वस्त्यांत मंडळ्या निघाल्या. १७२५ मध्ये त्यांच्या सेवकांनी डच मेनोनाइटांच्या १६३२ च्या डोर्ड्रेख्त श्रद्धापत्राला एकत्र मान्यता दिली. क्रिस्टोफर डॉक हे शिक्षक काही उन्हाळे जर्मनटाउनात शिकवत होते. मारापेक्षा प्रेमावर त्यांचा भर. चांगल्या विद्यार्थ्याला ते स्वतःच्या हाताने पक्षी-फुलांचे चित्र काढून देत. शिक्षणावरचे त्यांचे पुस्तक १७७० मध्ये छापले गेले. त्याच वर्षी लाकडी प्रार्थनागृहाच्या जागी दगडी वास्तू आली. ती आजही उभी आहे. ४ ऑक्टोबर १७७७ रोजी तिच्यासमोरच्या रस्त्यावर अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली लढाई झाली. ब्रिटिश सेनानी जेम्स अ‍ॅग्न्यू यांना ज्या गोळीने मारले ती मेनोनाइटांच्या दफनभूमीच्या भिंतीआडून आली, असे परंपरा सांगते. शस्त्र न धरणाऱ्यांच्या भिंतीलाही युद्धाने मोकळे सोडले नाही.

अधिकाराचा प्रश्न तिसऱ्यांदा आला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस. समलिंगी व्यक्तींना पूर्ण सभासदत्व द्यायचे, असे या मंडळीने ठरवले. अमेरिकेतली सर्वांत जुनी मेनोनाइट मंडळी ती. तिलाच १९९७ साली फ्रँकोनिया कॉन्फरन्स या परिसरातील मेनोनाइट मंडळ्यांच्या संघटनेने मतदानाने बाहेर काढले. काढणाऱ्यांनाही आपली श्रद्धा जिवापाड प्रिय होती, हे मी मान्य करतो. तरीही माझे मत मी लपवणार नाही: मंडळी बरोबर होती. २०२२ मध्ये मेनोनाइट चर्च यूएसए या राष्ट्रीय संघटनेच्या प्रतिनिधींनी पाळकांना समलिंगी विवाह लावण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली आणि झालेल्या दुखापतीबद्दल पश्चात्तापाचा ठराव केला. पंचवीस वर्षांनी.

१६८८ आणि १९९७ शेजारी ठेवून पाहिले की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. मोठ्या संस्था चूक करतात ती बहुधा दुष्टपणाने नव्हे. विषय भारी आहे, एकी मोडेल, अजून वेळ आलेली नाही, अशा शहाणपणाच्या कारणांनी. लहान मंडळीला ही सोय नसते. तिथे प्रश्न समोर बसलेल्या माणसाचाच असतो, त्याच्या डोळ्यांत पाहून उत्तर द्यावे लागते. लहानपणाने आपोआप न्याय येतो असे मात्र नाही. लहान मंडळ्याही निर्दय होतात, दार लावून घेतात. मेनोनाइटांच्या बहिष्काराच्या चालीने कितीतरी घरे फुटली. जर्मनटाउनने दाखवले ते एवढेच की दार उघडण्यासाठी वरच्या हुकमाची गरज नसते, आणि उघडणाऱ्याला किंमत मोजावी लागते.

म्हणून गावोगावच्या मंडळ्यांची इतिवृत्ते, सभासदांच्या याद्या, फेटाळलेले अर्ज जपा, असे मी जिथे जाईन तिथे सांगतो. मान्य झालेल्या ठरावांतून संस्थेची शिस्त कळते. तिच्या विवेकाचा शोध घ्यायचा तर फेटाळलेले आणि वर ढकललेले कागदच उघडावे लागतात.