मनाचा खुंटा

दुःखात असलेल्या माणसाला येणारा-जाणारा एकच सल्ला देतो : ‘मन आवरा.’ जणू मन म्हणजे अंगणात घातलेले वाळवण! आवरायचे खरे, पण धरायचे कुठे? जात्याला खुंटा असतो, मनाला कुठला? गेल्या वर्षी पत्नी गेली, तेव्हा रात्ररात्र मला हाच प्रश्न पडे.

तो खुंटा श्वासाचा आहे, हे मला पतंजलींनी शिकवले. योग म्हणजे अंगाच्या घड्या, ही आपली समजूत. पण त्यांच्या जवळजवळ २०० सूत्रांत आसनांच्या वाट्याला आली आहेत अवघी ३! उलट दुःखाबरोबर अंगाला कंप सुटतो, श्वासाची लय बिघडते, हे त्यांनी नेमके टिपले आहे. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगातल्या जुन्या क्रिया प्रयोगशाळेत नेऊन यंत्रांनी तपासल्या. उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती मंदावते, हे आज शरीरशास्त्रही सांगते.

मग दुःख संपते का? छे! पहाटे दहा मिनिटे मी सावकाश श्वास सोडतो, तेव्हा ते छातीवरून उठून शेजारी बसते, एवढेच. ज्यांच्या छातीवरून ते उठतच नाही, त्यांनी डॉक्टरांकडेही जावे. त्यात योगाला कमीपणा नाही.

सुखी माणसांविषयी मैत्रभाव धरावा, असेही पतंजली सांगतात. हे प्राणायामाहून अवघड! पण यंदा शेजारच्या घरून चकल्यांचा खमंग वास आला, तेव्हा मी खिडकी लावून घेतली नाही.