सहाशे पस्तीस

वडिलांच्या काळ्या सायकलच्या टायरवर कडेला उठावाच्या अक्षरांत ‘२८ × १ १/२’ असं लिहिलेलं असे आणि माझ्या लेडीज सायकलच्या टायरवर ‘२६ × १ ३/८’. पुण्यात तेव्हा घरटी एखादी तरी सायकल होतीच. नवी ट्यूब आणायला आम्हा पोरांनाच पिटाळलं जाई, त्यामुळे हे आकडे पाढ्यांच्या आधी पाठ झाले. दुकानात ‘अठ्ठावीस-दीड’ म्हटलं की पुरे.

आमच्या पेठेतले सायकलवाले काका मात्र आकडा वाचून थांबत नसत. टायर रिमवर चढवला की थोडीशी हवा भरत आणि चाक हळूहळू फिरवत अंगठ्यानं त्याची कड दाबत जात. रिमच्या काठाबाहेर टायरवर एक बारीक रेघ दिसते; ती सगळीकडून सारखी दिसली तरच पंप पुन्हा हातात घेत. त्या कडेच्या पोटात पोलादी तार असते. रबर ताणलं जातं, तार ताणली जात नाही. बांगडीसारखंच ते, एक तर बसेल नाही तर नाही. रिमच्या ज्या बैठकीवर ही तार टेकते, तिथला व्यास म्हणजे चाकाचं खरं माप.

टायरवरचा २८ हा आकडा त्या बैठकीचा नव्हताच. तो हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा व्यास. वडिलांच्या रिमची बैठक ६३५ मिलिमीटर; दोन्हीकडे दीड-दीड इंच रबर धरलं की होतात ७११ मिलिमीटर, म्हणजे बरोब्बर २८ इंच. माझ्या सायकलची बैठक ५९०.

हे सगळं मला उलगडलं ते नॉटिंगहॅमला राहायला गेल्यावर. ते रॅले या सायकल कंपनीचं गाव. तिथला कारखाना २००२ मध्ये बंद झाला. पण जुन्या रॅले रोडस्टर पाहिल्या तेव्हा छातीत काही तरी हललं. तेच दांड्यांचे ब्रेक, तीच ऐसपैस चाकं, तेच ६३५. आपल्याकडे दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी वापरली ती सायकल याच घराण्यातली.

मी तिथे एक जुनी दहा गिअरची रोड सायकल घेतली. टायर ‘२७ × १ १/४’, बैठक ६३०. दुकानदारानं सांगितलं, ‘रीम बदला, ७००सी बसवा, टायर कुठेही मिळतील.’ ७००सीची बैठक ६२२. फरक आठ मिलिमीटरचा, त्यामुळे ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली घ्यावे लागतात, आणि बऱ्याच जुन्या ब्रेकना तेवढी जागा असतेही. सल्ला वावगा नव्हता. पण या ७०० आकड्यामागे काय आहे, ते शोधल्याशिवाय मला राहवेना.

ती फ्रेंचांची पद्धत. बाहेरचा व्यास साधारण ७०० मिलिमीटर धरायचा आणि टायरची जाडी अक्षरानं सांगायची. ए बारीक, म्हणून त्याची रीम मोठी, ६४२. सी जाडजूड, म्हणून रीम लहान, ६२२. आणि मधल्या बीची ६३५! म्हणजे वडिलांची अठ्ठावीस-दीड फ्रान्समध्ये ७००बी म्हणून फिरत होती. त्या दिवशी मी भारतात फोन लावून वडिलांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘मग टायर तिकडूनही मिळेल की.’ मिळतो, खरंच.

पुढे सी रिमवर टायर बारीक होत गेले. आज पंचवीस मिलिमीटरचा टायर घातला की बाहेरचा व्यास भरतो ६७२, नाव मात्र ७००च. ‘२६ × १ ३/४’ आणि ‘२६ × १.७५’ यांचं तर गणितच चालत नाही. शाळेत दोन्ही सारखे, पण पहिल्याची बैठक ५७१ आणि दुसऱ्याची ५५९. अमेरिकेतल्या शेल्डन ब्राउन या मेकॅनिकनं असे सगळे आकडे जमवून कोष्टकं केली. अपूर्णांकातलं आणि दशांशातलं माप एकमेकांना चालत नाही, हा नियम त्यानंच लोकांच्या मनावर ठसवला. २००८ मध्ये तो गेला. जुन्या सायकली जिवंत ठेवणाऱ्यांवर त्याचे मोठे उपकार आहेत. आता टायरवर ‘३२-६३०’ असंही छापलेलं असतं: आधी रुंदी, मग बैठक. जुनं चाक हाती आलं की मी आधी तेच शोधते.

भाच्यानं हल्ली ‘एकोणतीस’ची सायकल घेतली. आजोबांच्या अठ्ठावीसपेक्षा मोठी, असं तो अभिमानानं सांगत होता. मी दोन्ही रिमा शेजारी धरून दाखवल्या. एकोणतीसची बैठक ६२२, आजोबांची ६३५. बाहेरून मोठी दिसते ती जाड टायरमुळे. त्याला आजोबांच्या सायकलला नवी रीम घालायची होती. मी ठाम नाही म्हटलं. दांड्यांचा ब्रेक रिमला आतल्या बाजूनं दाबतो, त्याला तसलीच रीम लागते आणि अठ्ठावीस-दीडचा टायर आपल्याकडे अजून मिळतो. स्पोक गंजलेत, ते बदल.

माझ्या दहा गिअरवालीची पोलादी रीम पावसात ब्रेकला दाद देत नसे. म्हणून ॲल्युमिनियमची घेतली, पण ६३० चीच. जुन्या रिमचा काठ आतून सरळ होता, टायर पकडणारी आकडी नव्हती, त्यामुळे टायरवर जास्त छापलेलं असलं तरी मी पासष्ट-सत्तर पौंडांवर हवा जाऊ देत नसे. नव्या रिमला आकडी आहे. आता नव्वद पौंड बिनधास्त भरते आणि चढावर सायकल हलकी चालते.