आबाजींची ट्रेसर टेस्ट

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कच्चं, तेव्हा चूकभूल माफ!

दिवाळीत अकोटला गेलो. गाव गाळाच्या मातीवर, पण आमचं शेत सातपुड्याच्या पायथ्याशी, भेगाळलेल्या बेसाल्टवर. आबाजी विहिरीपासून 30 फुटांवर संडासाचा शोषखड्डा खोदायला निघालेले. म्हणाले, "पानी जमिनीतून गाळूनच येते नं, बाबू!"

मला ट्रेसर टेस्ट आठवली. एका बोअरमध्ये मीठ सोडायचं, दुसरीतून पाणी उपसत वाहकता मोजायची. भेगांतून मीठ झटकन पोचतं. मग ग्राफला लांब शेपूट राहते, कारण थोडं मीठ खडकाच्या बारीक छिद्रांत शिरून हळूहळू परततं. बहुतेक मीठ परत आलं, तर सरासरी वेळ गुणिले उपशाचा दर, यावरून वाटेतल्या पाण्याच्या आकारमानाचा अंदाज येतो.

आता आबाजींना ग्राफ कसा दाखवणार? म्हटलं, "आबाजी, माती म्हणजे गाळणी, भेग म्हणजे सरळ पाइप."

ते बराच वेळ विहिरीत पाहत राहिले. "पावसायात नाल्याचं गढूळ पानी दुसऱ्याच दिशी हिरीत उतरते. थे तुयी टेस्टच झाली म्हन की!"

खड्डा आता उताराच्या बाजूला, खूप लांब आहे. परीक्षेत याच प्रश्नाचे माझे 5 मार्क गेले होते, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.