कुर्ल्याहून आणलेला समुद्र

दादर चौपाटी माझ्या फ्लॅटपासून चालत सात मिनिटांवर. तरीही गेले दोन महिने दर रविवारी माझ्या बाथरूममध्ये एका बादलीत समुद्र 'बनतो'. त्याचं मीठ कुर्ल्याहून येतं.

टाकी माझी नाहीच. १५० लिटरची रीफ टँक, दोन क्लाउनफिश आणि एक लेदर कोरल... लग्न करून पुण्याला गेलेल्या रूममेटने हा संसार माझ्यावर सोपवला. दर बुधवारी तिचा फोन, "काय गं, पोरं कशी आहेत?" मी म्हणायचे, "मस्त!" एरवी फुलासारखं उमलणारं कोरल मिटून बसलं होतं, काचेवर हिरवं शेवाळ माजलं होतं. तरी "मस्त!"

शेवटी टेस्ट किट उघडलं. नायट्रेट ८० पीपीएम. कोरलसाठी जाम जास्त!

म्हणून एका रविवारी, मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत, कुर्ला गाठलं. पश्चिमेला शोभेच्या माशांचा बाजार म्हणजे मुंबईतलं एक वेगळंच जग. ऑक्सिजन भरून टम्म फुगवलेल्या पिशव्या, त्यात गोल्डफिश, गप्पी, एखादा रागीट फायटर. पायाखाली चिखल, कानात भावाची घासाघीस, आणि बाबांच्या खांद्यावरून वाकून बघणारी पोरं. खाऱ्या पाण्यातले मासे फारच थोड्या दुकानांत. तिथे कुणी दगडी पोवळं दाखवलं तर सरळ मागे फिरा. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

एका दुकानातल्या चाचांना माझा आकडा सांगितला. त्यांनी आधी विचारलं, "पानी कब बदला?"

"रोजच टाकते की थोडं!"

चाचा हसले. "वो टॉप-अप है मॅडम. बदलना अलग."

तिथे माझी ट्यूब पेटली. टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. मीठ आणि नायट्रेट मागेच राहतं. उरलेलं खाणं आणि माशांची घाण यांचा अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि बहुतेक टाक्यांत गाडी तिथेच अडते. मी वरून गोडं पाणी ओतत होते आणि स्वतःला शाबासकी देत होते.

"मग आजच सगळं बदलते," मी म्हटलं. चाचांनी हात जोडले. एका झटक्यात सगळं पाणी बदललं, तर खारटपणा आणि तापमानाच्या धक्क्याने कोरल आधी जाईल. दर आठवड्याला ३० लिटर, म्हणजे २० टक्के. बस्स.

लोकलमध्ये मोबाइलवर हिशेब केला. ८० चे ६४, पुढच्या रविवारी ५१... सोप्पं! पण टाकी दर आठवड्याला नवं नायट्रेट बनवतेच. ते ५ पीपीएम धरलं, तर २० टक्क्यांच्या बदलाने आकडा २० ते २५ मध्ये अडकतो. कितीही रविवार घालवा. म्हणजे खरा फंडा बादलीत कमी आणि चमच्यात जास्त. मी दिवसातून तीनदा खाणं टाकत होते, डेडलाइनचं टेन्शन आलं की चारदा. ते एकदाच केलं. आठवड्याची भर २ वर आली, तर आठव्या रविवारी २० च्या आसपास पोहोचायला हवं.

समोरचा फुकटचा समुद्र का नाही? कारण मिठी नदी कुर्ल्यावरून शहराची घाण घेऊन माहीमला समुद्रात उतरते, आणि आमची चौपाटी त्याच्याच शेजारी. ते पाणी म्हणजे तयार नायट्रेट! मी मात्र कुर्ल्याहून मिठाचं पाकीट मांडीवर घेऊन परतते.

शनिवारी रात्री ३० लिटर आरओच्या पाण्यात साधारण १ किलो मीठ, छोटा पंप रात्रभर चालू. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ आला आणि तापमान टाकीइतकं झालं, की मगच अदलाबदल. एकदा आळसाने खारटपणा मोजला नाही, तर कोरल दोन दिवस रुसलं. पाइपने तळाचा गाळ ओढताना पँट भिजते, शेजारच्या काकू "काय गं, पूर आला का?" विचारतात.

काल आठवा रविवार होता. किटमध्ये रंग फिका गुलाबी, २० आणि २५ च्या मध्ये कुठेतरी. कोरलच्या कडेवर बारीक बारीक बोटं बाहेर आली आहेत, सगळीकडे नाही. फोटो काढून ठेवलाय, बुधवारी पाठवेन. मागचं 'मस्त' खोटं होतं, हेही तेव्हाच सांगावं लागेल.