बुना, मोगरा आणि मीठ

लहानपणी बशीतला चहा भुरकला की आई पाठीत धपाटा घालायची. आणि इथे आदिस अबाबातल्या एका चाचणीघरात चांगली शिकलीसवरलेली आठ-दहा माणसं टेबलाभोवती फिरत चमच्या-चमच्याने कॉफी भुरकतायत! ताकाच्या कढीचा भुरकाही त्यापुढे सभ्य वाटावा. सुर्र करून घोट ओढायचा, तोंडभर उडवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. "लाजलात तर चव सापडणार नाही," मला सांगण्यात आलं. घोटाबरोबर हवा आत गेली, तरच वास नाकात चढतो म्हणे.

ओळीने मांडलेल्या वाट्या. तळाशी भरडलेली कॉफी, वर गरम पाणी. चार मिनिटांनी वर जाड साय धरते, ती चमच्याने फोडायची आणि फोडताना नाक अगदी वाटीत घालायचं. मी साय फोडली आणि दचकून मागे बघितलं. कुणी मोगऱ्याचा गजरा माळून आलंय का? छे! तो वास वाटीतूनच येत होता. ही यिर्गाचेफेची, धुऊन वाळवलेली. घोट घेतला तर ईडलिंबाची साल दाताखाली आल्यासारखी तरतरीत आंबट. शेजारची हरारची, फळासकट वाळवलेली; ती म्हणजे पिकून फुटायला आलेलं जांभूळ. आणि मी जन्मभर दूध-साखर घालून, वर जायफळ किसून प्यायले, ते काय होतं मग? (चांगलंच होतं. पण ते जायफळ होतं.)

एकाच मुलखाची कॉफी, दुसरीत न मिसळलेली; याला म्हणतात सिंगल ओरिजिन. आपल्याला हे शिकवायला नको. देवगड हापूस म्हणून घेतलेल्या पेटीत भलतीकडचा आंबा निघाला की आपण दुकानदाराशी कसे भांडतो! इथे मात्र कॉफीचं गाव बरीच वर्षं हरवलेलंच होतं. २००८ साली सरकारने कमोडिटी एक्स्चेंज काढलं, शेतकऱ्याला भाव नीट कळावा म्हणून. पण तिथे पोतं भागावर आणि प्रतवारीवर विकलं जायचं. ते कुणाच्या परसातलं, हे पुसलं जायचं. २०१७ नंतर नियम बदलले आणि पोत्यांना पुन्हा गाव मिळू लागलं. मला त्या मोगऱ्याच्या वाटीचं गाव बघायचं होतं.

आणि काय गाव! कळसूबाईचं टोक १६४६ मीटर, आपण तिथे पोचलो की झेंडा रोवल्यासारखे फोटो काढतो. यिर्गाचेफेच्या, म्हणजे गेदेओ भागातल्या डोंगरांत कॉफी त्याच्याही वर उगवते, अगदी २००० मीटरपर्यंत आणि पुढेही. पण मळा कुठेय? मी चिकमगळूरसारख्या आखीव रांगा शोधत होते, आणि समोर नुसतं जंगल. वर उंच झाडं, मधे केळी, खाली कॉफी. केळी बघून जीव सुखावला. कोकणातल्या वाडीतच आल्यासारखं वाटलं, मी केळफूल शोधायला लागले. वाटाड्या पोट धरून हसला. ही केळ नव्हेच! हिचं नाव एन्सेट. हिला खाण्याजोगी केळी येतच नाहीत. बुंध्याचा आणि कंदाचा गर खड्ड्यात पुरून कित्येक महिने आंबवतात आणि त्याची भाकरी करतात. केळीचं खोड खाऊन जगणारा मुलूख! या वाड्यांना २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, ते उगीच नाही.

डिसेंबर होता. फांदीफांदीला करवंदाएवढी लालबुंद फळं चिकटलेली. मीही कमरेला टोपली बांधली आणि मोठ्या उत्साहाने तोडायला लागले. तासाभराने टोपलीचा तळ जेमतेम झाकला. शेजारची बाई आली, माझ्या टोपलीत हात घातला आणि काही न बोलता एकेक हिरवं, एकेक अर्धकच्चं फळ बाहेर काढत गेली. भाताच्या सुपातले खडे माझी आजी तशीच काढायची, नजर भलतीकडे आणि बोटं चालू. तिने अर्धी टोपली रिकामी केली. सहा किलो फळांतून जेमतेम किलोभर हिरवी कॉफी निघते, हे तेव्हा मला मानेच्या रगेने कळलं.

खाली ओढ्याकाठी धुलाईकेंद्र. साल काढलेल्या चिकट बिया टाक्यांत दीड-दोन दिवस आंबतात, मग लांबच लांब पाटात सोडतात. गुडघाभर पाण्यात उभी माणसं लाकडी फावड्यांनी त्या उलट्या प्रवाहात ढकलतायत, आणि गातायत! एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. भलरीच ती, फक्त भाषा वेगळी. पलीकडे कमरेएवढ्या उंच मांडवांवर वाळवण. आईच्या गच्चीवर कुरडयांच्या चार चादरी असायच्या. इथे अख्खी टेकडी वाळत घातलेली. दोन्ही बाजूंनी बायका दाणे निवडतायत, बोटं थांबत नाहीत. दुपारचं ऊन चढलं की झाकायचं, रात्री पुन्हा झाकायचं. चाचणीघरातला मोगरा इथे, या बोटांखाली राखला जात होता.

संध्याकाळी एका शेतकऱ्याच्या घरी बुना, म्हणजे कॉफी, प्यायला बसलो. जमिनीवर ताजं गवत पसरलेलं, कोपऱ्यात धूप. त्याच्या बायकोने तव्यावर हिरव्या बिया काळ्याभोर होईपर्यंत भाजल्या आणि धुराने भरलेला तवा एकेकापुढे फिरवला. प्रत्येकाने हाताने धूर ओढून घेतला. मी सवयीने दोन्ही हात आरती घेतल्यासारखे डोळ्यांना लावले! उखळात कुटून, जेबेनात, म्हणजे काळ्या मातीच्या सुरईत उकळून, वीतभर उंचीवरून बिनकानाच्या इवल्या पेल्यांत धार. सोबत मक्याच्या लाह्या. पहिला पेला अबोल, दुसरा तोना, तिसरा बरका, म्हणजे आशीर्वाद. तिसऱ्याआधी उठणं म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद न घेता निघणं.

पहिला घोट घेतला आणि थबकले. मोगरा नाही, ईडलिंबू नाही. खारट! कॉफीत मीठ! आमच्याकडे पेटीतला हापूस मुंबईला जातो आणि डागी आंबा घरात राहतो, तसंच इथेही; निवडक दाणा परदेशी, उरलासुरला तव्यात. पण दुसऱ्या घोटाला ते मीठ जिभेवर बसलं, आणि तिसऱ्याला मी पेला पुढे केला.

तुमच्या कॉफीला फुलांचा वास येतो, असं मी शेतकऱ्याला दुभाष्याकरवी सांगितलं. तो नम्रपणे हसला, पाहुणी काहीतरी चांगलं बोलतेय अशा बेताने. मग विचारलं, तुमच्या गावात ही कशी देतात? एका पेल्याचे तीनशे रुपये, मी म्हणाले. दुभाष्याने त्यांच्या पैशांत हिशेब केला, तो शेतकऱ्याने दोनदा करायला लावला. मी त्या साठ-सत्तर फळांचा विचार करत होते, एका पेल्याला साधारण तेवढी लागतात. खोली गप्प. निखाऱ्याशी बसलेल्या म्हातारीने जेबेनावरची नजर न काढता एक वाक्य टाकलं आणि सगळं घर खदखदून हसलं.

दुभाष्या आधी सांगेचना. मग म्हणाला, "आजी विचारतायत, एवढे पैसे घेऊन निदान मीठ तरी घालतात का?"